मोडेम आणि राउटर: घरातील फायबरच्या डब्याचे काम समजून घेऊन दोष शोधण्याची पद्धत

"नेट गेले" असे आपण म्हणतो तेव्हा बिघडलेली गोष्ट दरवेळी वेगळी असते. कधी खांबावरची फायबर तुटलेली असते, कधी सेवा देणाऱ्याकडे आपल्या खात्याची मुदत संपलेली असते, कधी डब्यातील पत्त्यांची वाटणी अडकलेली असते, तर कधी लाईन धडधाकट असून केवळ आतल्या खोलीपर्यंत वायफाय पोहोचत नसते. या चारही प्रसंगी आपण एकच उपाय करतो, तो म्हणजे डबा बंद करून पुन्हा चालू करणे. तो कधी लागू पडतो, कधी पडत नाही. पण कारण कळलेले नसल्यामुळे पुढच्या वेळी शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

ही अडचण दूर करण्यासाठी एकच गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. त्या पांढऱ्या किंवा काळ्या डब्यात मोडेम आणि राउटर अशी दोन वेगळी यंत्रे एकत्र बसवलेली असतात आणि त्यांची कामे पूर्णपणे भिन्न असतात. एकाचे काम कुठे संपते आणि दुसऱ्याचे कुठे सुरू होते हे ध्यानात आले, की बिघाड कोणत्या बाजूला आहे हे बहुतेक वेळा घरबसल्या ठरवता येते. या लेखात उदाहरण म्हणून आज महाराष्ट्रातील शहरांत आणि अनेक गावांत दिसणारी घरगुती फायबर जोडणी घेतली आहे, मग ती गल्लीतल्या केबलवाल्याने दिलेली असो वा मोठ्या कंपनीने.

मोडेम नेमके काय करतो

संगणकाच्या आत माहिती शून्य आणि एक अशा दोन अवस्थांत असते. या दोन अवस्था विजेच्या साध्या चढउताराच्या रूपात फार लांब पाठवता येत नाहीत, कारण तारेत त्यांचा आकार थोड्याच अंतरात विरून जातो. म्हणून ज्या माध्यमातून जायचे आहे, त्या माध्यमाला झेपेल अशा लहरीवर त्यांचा ठसा उमटवावा लागतो. या ठसा उमटवण्याला मॉड्युलेशन म्हणतात आणि पलीकडे तो उतरवून घेण्याला डीमॉड्युलेशन. मोडेम हे नाव या दोन शब्दांच्या सुरुवातीच्या अक्षरांतून तयार झाले आहे.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. त्या वेळी घरी असलेली एकमेव तार टेलिफोनची होती आणि ती मानवी आवाजासाठी आखलेली होती, म्हणजे साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढ्याच कंपनांसाठी. त्यामुळे मोडेमला शून्य-एकांचे रूपांतर ऐकू येणाऱ्या सुरांत करावे लागे. जोडणी होताना जी किर्रर्र ऐकू येई, ती दोन मोडेम एकमेकांशी वेग आणि पद्धत ठरवत असल्याची खूण होती. या मार्गाने मिळणारा कमाल वेग सेकंदाला ५६ किलोबिट होता. आजच्या मोबाइलवर काढलेले ३ मेगाबाइटचे एक छायाचित्र त्या वेगाने उतरवायला सात मिनिटे लागली असती.

पुढे आलेल्या एडीएसएल पद्धतीने त्याच तांब्याच्या तारेचा अधिक चतुराईने वापर केला. आवाज ४ किलोहर्ट्‌झच्या खाली राहू दिला आणि माहितीसाठी सुमारे २५ किलोहर्ट्‌झपासून १.१ मेगाहर्ट्‌झपर्यंतचा पट्टा वापरला. म्हणूनच फोनजवळ ती छोटी स्प्लिटरची डबी लावावी लागे; ती आवाज आणि माहिती वेगळी करत असे. ही पद्धत टेलिफोन केंद्रापासूनच्या अंतरावर फार अवलंबून होती, त्यामुळे केंद्राशेजारच्या घराला मिळणारा वेग गावाच्या टोकाच्या घराला मिळत नसे.

फायबरच्या डब्याला तंत्रज्ञ मोडेम म्हणत नाहीत. ओएनटी किंवा ओएनयू (ऑप्टिकल नेटवर्क टर्मिनल किंवा युनिट) म्हणतात. पण काम तत्त्वतः तेच आहे, फक्त सुरांच्या जागी प्रकाश आला आहे. आपल्याकडे रूढ असलेल्या जीपॉन पद्धतीत, म्हणजे एका तंतूवर अनेक घरे जोडण्याच्या पद्धतीत, डब्याकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो आणि डब्याकडून जाणारा १३१० नॅनोमीटरचा. दोन्ही एकाच केसासारख्या काचेच्या तंतूतून एकाच वेळी परस्परविरुद्ध दिशांना जातात आणि तरंगलांबी वेगळी असल्यामुळे त्यांची सरमिसळ होत नाही. अनेक केबलवाले त्याच तंतूतून १५५० नॅनोमीटरवर दूरचित्रवाणीचे चॅनेलही सोडतात. तिन्ही प्रकाश डोळ्यांना न दिसणारे असतात, आणि म्हणूनच सुटलेल्या फायबरच्या टोकात डोकावून "लाईट येतोय का" हे पाहणे धोक्याचे आहे. ही सूचना लहान मुलांनाही आवर्जून द्यावी.

या व्यवस्थेचा जो भाग ग्राहकाला सहसा कोणी सांगत नाही, तो वाटणीचा आहे. केबलवाल्याच्या कंट्रोल रूममध्ये ओएलटी नावाचे यंत्र असते. त्याच्या एका तोंडातून निघालेला एक तंतू वाटेत काचेच्या स्प्लिटरमधून ३२ किंवा ६४ घरांत विभागला जातो. या स्प्लिटरला वीज लागत नाही. तो प्रकाशाचे केवळ भाग पाडतो. त्यामुळे खांबावरची वीज गेली तरी फायबर चालू राहते. फक्त दोन टोकांना, म्हणजे कंट्रोल रूममध्ये आणि आपल्या घरी, वीज असावी लागते. मात्र त्या एका तोंडातून घरांकडे येणाऱ्या माहितीचा एकूण वेग सेकंदाला सुमारे २.४८८ गिगाबिट असतो आणि तो सर्वांमध्ये मिळून असतो. ३२ घरांनी एकाच क्षणी पूर्ण ताकदीने वापर केला, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ७७ मेगाबिट येतील. प्रत्यक्षात सगळे एकाच क्षणी इतका वापर करत नाहीत, म्हणून ३०० मेगाबिटचा प्लॅन विकता येतो आणि बहुतेक वेळा तेवढा वेग मिळतोही. रात्री नऊ ते अकरा या वेळेत वेग खाली येत असेल, तर आपला राउटर बदलण्यापूर्वी या वाटणीचा विचार करावा.

राउटर नेमके काय करतो

मोडेमने प्रकाशातून शून्य-एक वेगळे काढून दिले, की त्याचे काम संपते. ते शून्य-एक कोणाचे आहेत, घरातल्या कोणत्या मोबाइलला द्यायचे आहेत, हे त्याला ठाऊक नसते. तिथून पुढचे काम राउटरचे.

इंटरनेटवरील माहिती सलग जात नाही. तिची पाकिटे केलेली असतात. इथरनेटवर, म्हणजे तारेने यंत्रे जोडण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, एका पाकिटात साधारणतः १५०० बाइटपर्यंत मजकूर मावतो. मघाचे ३ मेगाबाइटचे छायाचित्र सुमारे दोन हजार पाकिटांत विभागले जाते. प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा आकड्यांतला पत्ता, असतो. राउटरजवळ एक तक्ता असतो, ज्यात कोणत्या पत्त्यांसाठी कोणत्या दाराने बाहेर पडायचे हे लिहिलेले असते. घरगुती राउटरचा तक्ता अगदी लहान असतो: पत्ता घरातला असेल तर आत ठेवा, अन्यथा कंपनीच्या दिशेने पाठवा. कंपनीच्या आणि त्यापुढच्या मोठ्या राउटरचे तक्ते मात्र लाखो नोंदींचे असतात. पाकिटावर एक आकडाही असतो, जो प्रत्येक राउटरपाशी एकाने कमी होतो. तो शून्यावर आला की पाकीट टाकून दिले जाते, कारण चुकीच्या नोंदीमुळे एखादे पाकीट दोन राउटरांमध्ये अनंतकाळ फिरत राहू नये.

घरगुती राउटरचे सर्वांत महत्त्वाचे काम याहून वेगळे आहे. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते, ज्यांना आयपीव्ही४ म्हणतात, एकूण सुमारे ४२९ कोटीच आहेत. जगभराच्या साठ्यातील शेवटचे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. घरातल्या प्रत्येक मोबाइलला, टीव्हीला आणि कॅमेऱ्याला जगात एकमेव असा पत्ता देणे त्यामुळे शक्य नाही. म्हणून काही पत्ते केवळ घरगुती वापरासाठी राखून ठेवले आहेत. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांतलेच, आणि ते हजारो घरांत एकाच वेळी वापरात असतात.

हे पत्ते बाहेर चालत नाहीत. म्हणून राउटर आवक-जावक नोंदवही ठेवणाऱ्या कारकुनाप्रमाणे वागतो. कार्यालयातून कोणाही टेबलावरचे पत्र बाहेर जाताना त्यावर कार्यालयाचाच पत्ता पडतो आणि वहीत जावक क्रमांक नोंदला जातो. उत्तर आले, की त्या क्रमांकावरून ते योग्य टेबलावर पोहोचते. राउटरही मोबाइलच्या पाकिटावरचा घरगुती पत्ता काढून स्वतःचा बाहेरचा पत्ता लावतो, पोर्ट क्रमांकाची, म्हणजे त्याच्या जावक क्रमांकाची, नोंद करतो आणि उत्तर आल्यावर ते त्या मोबाइलकडे वळवतो. या पद्धतीला नॅट म्हणतात. वहीत नोंद नसलेले पाकीट बाहेरून आपणहून आले, तर ते कोणाला द्यायचे हे राउटरला कळत नाही आणि तो ते टाकून देतो. घरातील यंत्रांना मिळणारे बरेचसे संरक्षण या एका गोष्टीतून आपोआप मिळते.

याशिवाय राउटर डीएचसीपीने घरातील यंत्रांना पत्ते वाटतो, नावावरून पत्ता शोधण्याची डीएनएसची विचारणा पुढे पाठवतो आणि वायफायचा प्रक्षेपकही तोच असतो. वायफाय हे खरे पाहता तिसरे, वेगळे काम आहे. वायफायची रेंज म्हणजे इंटरनेट नव्हे, ती फक्त मोबाइल आणि डबा यांच्यातील जोडणी आहे, आणि ही एक गोष्ट न कळल्यामुळे जितका गोंधळ होतो तितका दुसऱ्या कशानेही होत नसेल.

एका पाकिटाचा प्रवास

रत्नागिरीतल्या एका घरात कोणी मोबाइलवर रेल्वेच्या आरक्षणाचे संकेतस्थळ उघडते आहे असे समजू. मोबाइलने घरात शिरतानाच वायफायवर ओळख पटवून डीएचसीपीकडे पत्ता मागितला होता. राउटरने त्याला १९२.१६८.१.५ हा पत्ता दिला आणि सोबत सांगितले, की बाहेर जायचे असेल तर १९२.१६८.१.१ या माझ्या पत्त्याकडे ये. या दुसऱ्या पत्त्याला गेटवे म्हणतात. आता मोबाइल आधी डीएनएसला संकेतस्थळाच्या नावाचा आयपी पत्ता विचारतो. तो मिळाला, की पाकीट तयार होऊन वायफायवरून राउटरकडे येते. राउटर नोंदवहीत नोंद करतो, पत्ता बदलतो आणि पाकीट मोडेमच्या बाजूकडे सोपवतो.

अनेक जोडण्यांमध्ये इथे पीपीपीओई नावाचे एक वेष्टण चढते. वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड देऊन कंपनीकडे आपली ओळख पटवण्याची ही पद्धत आहे, आणि रिचार्ज संपल्यावर जोडणी इथेच अडवली जाते. वेष्टणासाठी ८ बाइट लागतात, म्हणून पाकिटाची मर्यादा १५०० वरून १४९२ वर येते. ही मर्यादा डब्यात चुकीची भरलेली असेल, तर काही संकेतस्थळे नीट उघडतात आणि काही अर्धवट अडकतात, असा चकवणारा दोष दिसतो.

पुढे मोडेम आपली पाळी येण्याची वाट पाहतो, कारण एकाच तंतूवर ३२ घरांनी एकदम प्रकाश सोडला तर कोणाचेच ऐकू जाणार नाही. ओएलटी प्रत्येकाला वेळेचा छोटासा तुकडा वाटून देते. आपल्या तुकड्यात मोडेम लेझर लुकलुकवतो, पाकीट कंट्रोल रूमला पोहोचते आणि तिथून राउटरमागून राउटर ओलांडत पुढे जाते. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, त्यामुळे तीनशे-साडेतीनशे किलोमीटरच्या जाण्यायेण्याला चार मिलीसेकंदांपेक्षा कमी वेळ लागतो. उशीर होतो तो बहुतेक वेळा अंतरामुळे नव्हे, तर वाटेतल्या रांगांमुळे आणि घरातल्या कमकुवत वायफायमुळे.

पहिली पायरी: डबा ओळखणे

डबा उलटा करून त्याच्या पाठीवरचा कागद आधी मोबाइलने टिपून ठेवावा. त्यावर अनुक्रमांक, वायफायचे मूळ नाव आणि पासवर्ड, तसेच डब्याच्या सेटिंगमध्ये जाण्याचा पत्ता असतो. घरात एकच डबा असेल, तर मोडेम आणि राउटर त्यातच आहेत. फायबर एका लहान डबीत आणि तिथून तारेने मोठ्या डब्यात जात असेल, तर लहान डबी मोडेम आणि मोठा डबा राउटर, असे सामान्यतः समजावे.

हिरव्या टोपणाचा जो जोड डब्याच्या मागे किंवा खाली बसतो, तो फायबरचा. हिरवा रंग म्हणजे त्याच्या टोकाची काच ८ अंशांत तिरपी घासलेली आहे. निळ्या जोडाची काच तशी नसते. दोन्ही एकमेकांत बसतात, पण प्रकाश वाया जातो. शक्य तोवर हा जोड काढूच नये, कारण टोकावर बसलेला धुळीचा एक कणही त्रास देतो. फायबर खिळ्याला गुंडाळलेली किंवा दाराच्या फटीत चेपलेली असू नये. आमच्या घरी जोडणी देणाऱ्याने उरलेला तंतू घट्ट वेटोळे करून डब्यामागे चिकटपट्टीने बांधला होता आणि आठवडाभर जोडणी येत-जात राहिली. ते वेटोळे तळहाताएवढे सैल केल्यावर दोष नाहीसा झाला.

दिव्यांची भाषा लहान आहे आणि पाठ करण्यासारखी आहे. पॉवर म्हणजे वीज. पॉन हिरवा आणि स्थिर असेल, तर मोडेमची ओएलटीशी ओळख पटलेली आहे. तो लुकलुकत असेल, तर ओळख पटवणे सुरू आहे. एलओएस हा लाल दिवा लागला किंवा लुकलुकू लागला, तर प्रकाशच पोहोचत नाही. इंटरनेटचा दिवा राउटरच्या बाजूचा असतो. पॉन स्थिर असूनही तो विझलेला किंवा लाल असेल, तर पीपीपीओईची ओळख किंवा रिचार्ज तपासावा.

दुसरी पायरी: जागा निवडणे

डबा कुठे ठेवायचा हे बहुतेक घरांत फायबर कुठून आत आली त्यावरून ठरते, आणि ते चुकीचे आहे. फायबर आणखी दहा मीटर आत नेणे स्वस्त असते. जोडणी देणारा माणूस आलेला असतानाच त्याला तसे सांगावे.

घरगुती वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालते. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटरची असते आणि भिंतींतून बऱ्यापैकी पार होते, पण तिच्यावर गर्दी फार असते. ५ गिगाहर्ट्‌झची लहर त्याच्या निम्म्याहूनही लहान असते, वेग जास्त देते आणि भिंतीपाशी लवकर थकते. कोकणातल्या जाड जांभ्याच्या भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्‌झकडून फार अपेक्षा ठेवू नये. सळयांचा स्लॅब, लोखंडी कपाट, मोठा आरसा, फ्रिज आणि पाण्याची टाकी हे सगळे अडथळे आहेत. डबा टीव्हीमागे किंवा कपाटात न ठेवता घराच्या मध्याजवळ, छातीच्या उंचीच्या वर, मोकळ्यावर ठेवावा.

तिसरी पायरी: सेटिंग उघडून बदलणे

वायफायला जोडलेल्या मोबाइलच्या ब्राउझरमध्ये डब्याच्या पाठीवर लिहिलेला पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१, इंग्रजी अंकांत टाइप केला की प्रवेशाचे पान उघडते. सर्वांत आधी या पानाचा पासवर्ड बदलावा. हा पासवर्ड वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा आहे आणि बहुसंख्य घरांत तो कारखान्यातून आला तसाच राहतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने असेच मूळ पासवर्ड आजमावून जगभरातील लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते, आणि त्यांचा वापर मोठ्या सेवा बंद पाडण्यासाठी झाला होता.

त्यानंतर वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा उपलब्ध असल्यास डब्ल्यूपीए३ ठेवावी आणि डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने यंत्र जोडण्याची सोय) बंद करावे, कारण त्याच्या आठ अंकी पिनमधली कमजोरी २०११ पासून जगजाहीर आहे. पासवर्ड निदान बारा अक्षरांचा असावा. मोबाइल क्रमांक किंवा आडनावापुढे जन्मवर्ष असा नसावा. टीव्ही, कॅमेरा आणि पाहुण्यांचे मोबाइल गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे त्याच डब्याच्या वेगळ्या नावाच्या वायफायवर, टाकावेत.

२.४ गिगाहर्ट्‌झवर आपल्याकडे १३ चॅनेल दिसतात, पण ते एकमेकांवर चढलेले असतात. एकमेकांना स्पर्श न करणारे नेहमीचे तीनच चॅनेल म्हणजे १, ६ आणि ११. इमारतीत आजूबाजूला कोणता चॅनेल कमी वापरात आहे हे मोबाइलवरील एखाद्या वायफाय तपासणीच्या ॲपने पाहून या तिघांपैकी एक निवडावा आणि रुंदी २० मेगाहर्ट्‌झ ठेवावी. ३ किंवा ८ निवडल्याने गर्दी टळत नाही. उलट दोन्ही बाजूंचा त्रास होतो.

या पानावर एक गोष्ट मात्र चुकूनही करू नये, ती म्हणजे फॅक्टरी रिसेट. डब्याच्या मागच्या छिद्रात टाचणी घालून दहा सेकंद दाबले की तीच होते. रिस्टार्ट म्हणजे डबा बंद करून चालू करणे, त्याने काही पुसले जात नाही. रिसेटने पीपीपीओईचे नाव, पासवर्ड आणि कंपनीने भरलेला व्हीलॅन क्रमांक (कंपनीच्या जाळ्यात आपली वाहतूक वेगळी ओळखण्याचा आकडा), सगळे पुसले जाते. एका नातेवाइकांना तक्रार कक्षातून फोनवर टाचणी दाबायला सांगितले गेले आणि साधा दोष दोन दिवसांचा झाला, कारण ती माहिती पुन्हा भरायला माणूस यावा लागला. रिसेटची वेळ आलीच, तर आधी या सर्व पानांची छायाचित्रे काढून ठेवावीत.

चौथी पायरी: दुसरा राउटर जोडणे

मोठ्या घरात किंवा वरच्या मजल्यासाठी दुसरा राउटर लावताना बहुतेकांची एकच चूक होते. पहिल्या डब्याची तार दुसऱ्याच्या वॅन दारात, म्हणजे बाहेरच्या जोडणीसाठीच्या दारात, घातली, की घरात दोन नोंदवह्या, पत्ते वाटणारे दोन कारकून आणि दोन वेगळी नेटवर्क तयार होतात. मग खालच्या मजल्यावरचा प्रिंटर वरच्या मजल्यावरून दिसत नाही.

योग्य पद्धत अशी. नव्या राउटरला आधी एकट्यानेच संगणकाशी जोडावे, त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ असा बदलावा, म्हणजे तो पहिल्याशी भांडणार नाही. त्यातील डीएचसीपी बंद करावे. आणि मग पहिल्या डब्याच्या लॅन, म्हणजे घरातल्या यंत्रांसाठीच्या, दारातून आलेली तार याच्याही लॅन दारातच घालावी, वॅनमध्ये नाही. राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंट असा पर्याय असेल, तर ही सगळी कामे तो स्वतः करतो. वायफायचे नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे सारखे ठेवावेत, चॅनेल वेगळे. मधली तार कॅट ५ई किंवा कॅट ६ असावी. गिगाबिटसाठी आठही तारा लागतात, शंभर मेगाबिटसाठी चारच पुरतात. त्यामुळे एखादी तार टोकाशी सुटली, की जोडणी चालू राहते पण वेग बरोबर शंभरच्या आत अडकतो. ३०० चा प्लॅन असून नेमके ९४-९५ मेगाबिट मिळत असतील, तर तार पुन्हा क्रिम्प करून (टोकाचा जोड नव्याने दाबून बसवून) घ्यावी किंवा दार गिगाबिटचे आहे का ते पाहावे.

वेगाच्या आकड्यांबद्दलही एक स्पष्टीकरण इथेच देणे योग्य. प्लॅन मेगाबिटमध्ये विकला जातो आणि फाइल मेगाबाइटमध्ये मोजली जाते. एका बाइटमध्ये आठ बिट असतात. १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट उतरतील. एवढा वेग दिसत असेल, तर फसवणूक झालेली नाही.

पाचवी पायरी: दोष शोधणे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दोष शोधताना बाहेरून आत न येता घरातून एकेक टप्पा बाहेर जावे.

प्रथम दिवे पाहावेत. लाल एलओएस असेल, तर बाकी काही तपासण्यात अर्थ नाही. जोड हलला आहे का एवढे पाहून तक्रार नोंदवावी. दिवे ठीक असतील, तर लॅपटॉप तारेने डब्याला जोडावा. तारेवर सर्व सुरळीत असेल, तर दोष वायफायचा आहे आणि कंपनीला फोन करून उपयोग नाही.

तारेवरही चालत नसेल, तर संगणकाला कोणता पत्ता मिळाला आहे ते पाहावे. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने पत्ताच दिलेला नाही, म्हणजे डीएचसीपी अडकले आहे. इथे रिस्टार्ट खरोखर उपयोगी पडतो. पत्ता नीट असेल, तर पिंग ही आज्ञा देऊन आधी गेटवेला हाक मारावी. उत्तर आले, तर राउटरपर्यंतचा रस्ता मोकळा आहे. मग ८.८.८.८ या गूगलच्या डीएनएस सेवेच्या पत्त्याला हाक मारावी. तिथून उत्तर आले नाही, तर दोष राउटरच्या पलीकडे, म्हणजे ओळख पटवण्यात किंवा कंपनीकडे आहे. तिथूनही उत्तर आले पण नावाने संकेतस्थळ उघडत नसेल, तर डीएनएस बिघडले आहे. राउटरमध्ये डीएनएसचे पत्ते म्हणून ८.८.८.८ आणि १.१.१.१ भरले, की बहुतेक वेळा काम होते.

जोडणी तुटत नाही पण अडखळते, अशा वेळी डब्याच्या स्थितीच्या पानावर ऑप्टिकल पॉवर पाहावी. हा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे प्रकाशाची ताकद मोजण्याच्या एककात, आणि उणे असतो. उणे ८ ते उणे २७ ही सर्वसाधारण मर्यादा आहे आणि उणे १५ ते उणे २४ च्या दरम्यानचा आकडा निर्धास्त करणारा. दर ३ ने आकडा खाली गेला की प्रकाश निम्मा होतो. ३२ घरांची वाटणी म्हणजे पाच वेळा निम्मे होणे, म्हणजे केवळ वाटणीतच १५ डीबी जातात. उरलेली गळती जोड आणि वळणांची असते. जोडणी नवी असतानाचा आकडा लिहून ठेवावा. पुढे तो तीन-चारने खाली गेलेला दिसला, तर वाटेत कुठेतरी जोड ढिला झाला आहे किंवा तंतू दबला आहे, हे तक्रार करताना ठामपणे सांगता येते.

दुकानदारांना भेडसावणारा एक वेगळा प्रश्नही इथे नोंदवतो. कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (चित्रण साठवणारे यंत्र) बाहेरून पाहण्यासाठी राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केले, म्हणजे बाहेरून येणारे पाकीट डीव्हीआरकडे वळवण्याची कायमची नोंद केली, तरी चालत नाही, अशी तक्रार फार ऐकू येते. अशा वेळी राउटरचा बाहेरचा पत्ता पाहावा. तो १०० ने सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ मधला असेल, किंवा पत्ता १० ने सुरू होत असेल, तर कंपनीनेही आपल्यापुढे स्वतःची नोंदवही ठेवलेली आहे, आणि आपल्या नोंदवहीत केलेली नोंद तिथे पोहोचत नाही. नेहमीचे उपाय तीन आहेत: वेगळे शुल्क देऊन स्थिर पत्ता घेणे, दोन्ही टोकांना आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी, खूप मोठ्या साठ्याची पद्धत) वापरणे, किंवा डीव्हीआरच्या उत्पादकाची क्लाउड सेवा वापरणे.

वीज आणि तक्रार

ज्या भागात वीज वारंवार जाते, तिथे डब्यासाठी छोटा राउटर यूपीएस घेणे सर्वांत उपयोगी खर्च आहे. अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट, बहुधा १२, आणि अँपिअर पाहून त्याच जुळणीचा घ्यावा. अँपिअर जास्त असलेला चालतो, व्होल्ट वेगळे चालत नाहीत. जुना अडॅप्टर कमजोर झाल्यावर डबा बंद पडत नाही, दिवसातून चार-सहा वेळा आपोआप रिस्टार्ट होतो, आणि तो दोष लाईनचा समजला जातो. पावसाळ्यात विजा कडाडत असताना अडॅप्टर आणि लॅनच्या तारा काढून ठेवाव्यात. काचेतून वीज येत नाही, पण खांबावरून येणाऱ्या अनेक फायबर केबलमध्ये आधारासाठी पोलादी तार असते. ती घराबाहेरच कापून वेगळी केलेली आहे याची खात्री करून घ्यावी.

तक्रार नोंदवताना "नेट चालत नाही" एवढेच सांगू नये. डब्याचा अनुक्रमांक, कोणते दिवे कोणत्या रंगाचे आहेत, तारेवर तपासले की वायफायवर, गेटवेकडून उत्तर येते का, ८.८.८.८ कडून येते का, ऑप्टिकल पॉवर आज किती आहे आणि जोडणीच्या दिवशी किती होती, आणि दोष कोणत्या वेळी दिसतो, हे सात मुद्दे लिहून द्यावेत. ते वाचून खांबावर चढणारा माणूस पाठवायचा, की कार्यालयात बसून खाते दुरुस्त करायचे, हे पलीकडच्या तंत्रज्ञाला पहिल्याच फोनवर ठरवता येते.